हॅरिस साहेबांच्या गळांची खंडेनवमी

हसू नका म्हटलं तरी तुम्ही हसणारच आहात, तेव्हा आधी हातातला चहा खाली ठेवा. माझ्या साहेबांची मासेमारीची डबी मी कशी पुजली, ते सांगतो. पुजली म्हणजे अक्षरशः पुजली हो! हळद, कुंकू, अक्षता, झेंडू. कशात म्हणून कसूर ठेवली नाही.

मी दोह्यात एका बांधकाम कंपनीत प्लॅनिंग इंजिनिअर. राहायला अल मुंतझात, मूळचा सांगलीचा. तिथं बाबांचं लेथचं वर्कशॉप. साहेब मात्र वेल्सचे. हॅरिस साहेब. माणूस भला, बोलणं मोजकं आणि वेड एकच, ट्राउट मासा. आता कतारमध्ये ट्राउट कुठून आणणार? इथे नदीच नाही! बिचारे वर्षभर सुट्टीची वाट बघत बसायचे.

त्यांच्याकडे एक डबी होती. पट्ट्यांनी छातीवर बांधायची. झाकण पुढे पाडलं की समोर छोटं टेबलच तयार. पाण्यात कमरेपर्यंत उभं राहायचं, दोन्ही हात मोकळे. आत फोमवर ओळीनं गळ टोचलेले, आणि प्रत्येक गळावर पिसं नि केस बांधून केलेला खोटा किडा. मासा किडा समजून तोंड घालतो आणि फसतो. त्याला ते 'फ्लाय' म्हणतात.

ह्या सगळ्या फ्लाय साहेबांच्या वडिलांनी हातानं बांधलेल्या. म्हातारबुवांची नजर आता अधू झालेली, नवीन बांधणं खलास. यंदा बापलेक ह्याच डबीवर शेवटचं म्हणून तळ्यावर जाणार होते.

आणि नेमका साहेबांच्या व्हिलातला एसी त्या डबीवर गळला! घरभर दुरुस्तीची धूळ. साहेब माझ्याकडे आले, "जाईपर्यंत तुझ्याकडे ठेवशील? ओली असताना बंद केली तर गळ गंजतात. झाकण उघडं टाकून ठेव, आपोआप वाळेल. बाकी काही करू नको."

काही करू नको! अहो, आपल्या माणसाला सांगावं तरी काय? कुठलंही काम सांगा, करतो. पण काही न करणं? ते कुणाला जमलंय?

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. प्राजक्तानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, पाटावर विळी, कात्री, पक्कड, माझा लॅपटॉप मांडला. माझं लक्ष डबीकडे गेलं. दोन-तीन गळांवर लाल ठिपके!

"अगं, गंज!"

"हात लावू नको. साहेब काय म्हणालेत?"

"गंज चढताना नुसतं बघत बसू?"

मी सांगलीला व्हिडिओ कॉल लावला. बाबांनी डबी पाहिली आणि तिथूनच ओरडले, "आरं, बघत काय बसलायस? हत्यार हाय ते! आधी धू, मग तेल दे, मग हळद-कुंकू लाव. लहानपणापासनं शिकवलंय नव्हं?"

शिकवलं होतं की! दर नवमीला वर्कशॉपातला पान्हा न् पान्हा मीच धुवायचो. मी सगळे गळ उपसले, भांड्याच्या साबणात बुडवले आणि खसाखसा धुतले. किड्यांची पार रया गेली. मग हेअर ड्रायर मारला, तर पिसं पिंजारून चारी दिशांना उभी. दोन-चार उडून पडद्याला चिकटली. ती बसवायला म्हणून खोबरेल तेल चोपडलं. काय सांगू, शाळेला निघालेल्या पोरांसारखे चापूनचोपून बसले सगळे!

मग प्रत्येकाला हळद, कुंकू, वर अक्षता. झाकणाच्या टेबलावर झेंडू. बाबांना फोटो पाठवायचा म्हणून डबी छातीवर चढवली. पाठीमागचं बक्कल खट्‌कन बसलं. निघताना मात्र निघेना.

एवढ्यात बेल वाजली.

दारात हॅरिस साहेब! "फ्लाइट आजची केली. टॅक्सी खाली थांबलीय. यल्ला, चल लवकर, डबी घेतो आणि—"

त्यांच्यासमोर मी उभा, छातीवर देव्हारा.

"हे पिवळं काय आहे?"

"हळद, सर."

"हे लाल?"

"कुंकू, सर."

"आणि हे तांदूळ दिसतात."

"तांदूळच, सर."

बक्कल निघत नव्हतं. मी म्हटलं, "प्राजक्ता, कात्री आण!" तर ती ठाम, "आज नाही! कात्री पुजलीय, आज चालवायची नाही." शेवटी साहेबांनीच मला भिंतीकडे तोंड करायला लावून पाठीमागून खटपट केली. डबी सुटली तेव्हा त्यांची दहाही बोटं पिवळी झाली होती.

त्यांनी एक फ्लाय उचलली. पिसं चिकटलेली, तेल ठिबकणारी. "ही वडिलांनी सगळ्यात शेवटी बांधली होती," एवढंच म्हणाले आणि सोफ्यावर बसले. रागावले असते तर परवडलं असतं हो. मला इतकी लाज वाटली की सोफ्याखाली शिरावंसं वाटलं. एका म्हाताऱ्या माणसानं आयुष्यभर बांधलेलं मी एका संध्याकाळी साबणाच्या पाण्यात घातलं होतं.

प्राजक्ता पेढ्यांची बशी घेऊन पुढे आली. "सर, ज्या वस्तूवर आपला हात बसलाय, तिला आज आम्ही नमस्कार करतो. ह्याला अक्कल कमी आहे, पण ह्यानं तुमच्या वडिलांच्या हाताला नमस्कार केला, असं समजा."

साहेबांनी हातातली फ्लाय परत फोमवर टोचली. मग त्यांनी फोन काढला आणि वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर पांढऱ्या भुवयांचा म्हातारा. साहेबांनी सगळं सांगितलं, डबी कॅमेऱ्यासमोर धरली. म्हातारा डोळे बारीक करून बघत होता. मी मनातल्या मनात सीव्ही लिहायला घेतला.

आणि म्हातारा हसायला लागला! खोकला लागेपर्यंत हसला. "माझ्या गळांनी आजवर फक्त माझ्या शिव्या खाल्ल्या. त्यांना नमस्कार करणारा हा पहिलाच! आण तशीच."

साहेब डबी, झेंडूसकट, घेऊन गेले.

पुढे काय झालं? अहो, वेल्सची थंडी! तळ्यावर पोचेपर्यंत खोबरेल गोठलं. प्रत्येक किड्याची पांढरी खोबऱ्याची वडी झाली. मासे काय, बेडूकही फिरकले नाहीत. मग बापलेक घरी परतले आणि स्वयंपाकघरात कोमट पाण्याचं पातेलं घेऊन बसले. एकेक फ्लाय धुवायची, आणि म्हातारा ती बोटांनी चाचपून सांगणार, ही कुठल्या कोंबड्याच्या पिसाची, ही बांधताना तुझी आई काय म्हणाली होती. सुट्टी त्यातच गेली. परत आल्यावर साहेब म्हणाले, "मासा एकही नाही मिळाला. पण वडील जेवढं बोलले, तेवढं माझ्या जन्मात बोलले नव्हते." आणि चक्क माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तेव्हापासून आमच्या ऑफिसात नवमीला पूजा होते. साहेब स्वतः लॅपटॉपला, प्रिंटरला हळद-कुंकू लावतात. अगदी भक्तिभावानं.

असं ऐकलंय. मी काही ती पूजा अजून पाहिलेली नाही. कतारमध्ये दसऱ्याची सुट्टी कुणालाच नसते. पण नवमीला अख्ख्या ऑफिसात एकट्या मला असते. भरपगारी आणि सक्तीची!