माझ्या टेबलावरचा प्रिंटर

प्रिंटर बिघडला नव्हता. मॅडमचंही काही चुकलं नव्हतं. माझा कॉम्प्युटर बंद करून मी रजेवर गेलो होतो, आणि नंतर ते कुणालाच सांगितलं नाही.

अकोल्याला आमच्या कॉलेजच्या ऑफिसात प्रिंटर एकच, तोही आतल्या खोलीत माझ्या टेबलावर. बाहेर खिडकीवर बसणाऱ्या मॅडम प्रत्येक दाखल्यासाठी पेन ड्राइव्ह घेऊन माझ्याकडे यायच्या. पन्नाशीनंतर त्या कॉम्प्युटर शिकल्या होत्या आणि त्याचा त्यांना अभिमान होता. एका दुपारी मी दोन्ही कॉम्प्युटर केबलनं जोडले, माझा प्रिंटर शेअर केला आणि त्यांच्या कॉम्प्युटरवर घेतला. त्यांनी बाहेर बटण दाबलं, आत कागद निघाला.

“भाऊ, आता तुमच्या दारी यायचं काम नाही मले!”

“बसल्या जागी राज्य करा, मॅडम.”

एवढंच बोललो. त्यांचा कागद माझ्या कॉम्प्युटरमधून येतो, तो बंद असला तर काही निघणार नाही, हे सांगितलं नाही. मी रोज असणारच, असं धरून चाललो होतो.

पुढच्याच आठवड्यात सासऱ्यांची तेरवी होती. संध्याकाळी सवयीनं कॉम्प्युटर बंद केला आणि अमरावतीची एसटी धरली. दुसऱ्या दिवशी पंगतीत वाढत असताना ऑफिसचे फोन येत राहिले. मी उचलले नाहीत.

परत आलो तेव्हा शिपायानं सांगितलं, “काल प्राचार्य सरांनी मॅडमले लयच झापलं. प्रिंटरचा दिवा चालू, आन् त्याईच्यानं कागद निघेना. बाळापूरचे पालक उभे, शिष्यवृत्तीचा शेवटचा दिवस. सर सगळ्यायपुढं म्हणे, होत नसन तुमच्यानं तर खुर्ची सोडा.” दाखला शेवटी बाहेरच्या दुकानातून काढून आणावा लागला होता.

मी कॉम्प्युटर सुरू केला. थोड्या वेळानं बाहेर मॅडमनी त्यांचा लावला असावा, कारण प्रिंटर आपोआप चालू झाला. आदल्या दिवशीचा तोच दाखला निघत राहिला, एकामागून एक. जितक्यांदा त्यांनी बटण दाबलं होतं तितक्यांदा. मी ते कागद घाईघाईनं गोळा करून पिशवीत कोंबले.

प्राचार्य आत डोकावले. “प्रिंटर ठीक आहे ना?”

“ठीक आहे, सर.”

त्याच दिवशी मॅडमना खिडकीवरून उठवून आवक-जावकच्या टेबलावर, टपालाच्या रजिस्टरवर बसवलं. निवृत्त होईपर्यंत त्या तिथेच होत्या. मी रोज त्यांच्यासमोरून जात होतो.

आता त्या अमरावतीला मुलाकडे राहतात; मागच्या महिन्यात तिथं गेलो. बैठकीत मुलाचा कॉम्प्युटर होता. वापरता का, म्हणून विचारलं.

“नाही बाप्पा. माह्या हातानं बिघडते. तुमाले त माहीतच हाय.”

मग मी सगळं सांगितलं. पिशवीत लपवलेल्या कागदांसकट.

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “काहून नाही बोलले तेव्हा?”

“भ्यालो. सर मलाच बोलतील म्हणून.”

“मले लोकायपुढं बोलले होते, भाऊ.”

मी तिथूनच प्राचार्यांना फोन लावला आणि मॅडमसमोर तेच सगळं पुन्हा सांगितलं. फोन ठेवला आणि हात जोडले.

“मॅडम, तुमचं काईच चुकलं नवतं. मीच चुकलो. मले माफ करा.”