कच्चं काम माझं होतं

भटू मिस्तरी गेल्याचं मला खांडबाऱ्याच्या बाजारात कळलं. भाजीवाला पिशवीत वांगी टाकता टाकता म्हणाला, "आबा, तो भटू मिस्तरी गया ना. तुमना गाडीनं छत पडनं, तोच." माणूस जन्मभर ट्रकच्या बॉड्या बांधतो, ट्रॉल्या जोडतो, आणि मागे राहतं ते पडलेलं एक छत... मी वांगी तिथेच ठेवून घरी आलो. याला आता दीड महिना झाला. ते छत भटूमुळे पडलं नव्हतं, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

टपाल खात्यातून निवृत्त झाल्यावर मी एक जुना पिकअप घेतला. हिवाळ्यात तोरणमाळला जायचं आणि गाडीतच मुक्काम करायचा, ही हौस माझी. ती लोखंडात उतरवली भटूने. मागे पत्र्याची खोली, आत प्लायवूड, आणि थंडी अडवायला माझ्या बायकोने शिवलेल्या गोधड्यांचं अस्तर. छत उचलायचं. गाडी चालताना खाली, मुक्कामाला वर, म्हणजे आत ताठ उभं राहता येई. चार कोपऱ्यांत एकात एक सरकणारे पाइप होते. दोघांनी दोन बाजूंनी छत ढकलायचं आणि प्रत्येक पाइपाच्या भोकात बोटाएवढी पोलादी पिन घालायची. पिना हरवू नयेत म्हणून त्यांना लाल नायलॉनच्या दोऱ्या. टपावर बसून ऊन खायला मागे शिडी. शिडी लावून झाल्यावर भटूने बजावलं, "छत वर, तं मानूस खाले. मानूस वर, तं छत खाले. ध्यानमा ठेवा. नहीतं वहिनी माले चहा बी देवाव नही." आतून बायको ओरडली, "आते बी देवाव नही, पहिले हात धुई या!"

तिसऱ्या हिवाळ्यात शेतातली ओली मिरची वाळवायची होती. अंगणात कोंबड्या. शिडी तर होतीच... मी गाडीच्या टपावर मिरची पसरली. दुपारी आभाळ भरून आलं, ताडपत्री बांधायला दोरी सापडेना. मी चाकूने पिनांच्या चारही दोऱ्या कापल्या. पाऊस आलाच नाही. मिरची पोत्यांत भरून नंदुरबारच्या बाजारात गेली, आणि नंतर पाहिलं तर दोन पिना नव्हत्या. भटूकडे मागायला गेलो असतो तर त्याने दोऱ्यांचं विचारलं असतं. मी दोन मोठे खिळे शोधले आणि त्या भोकांत सरकवले.

पुढच्याच आठवड्यात लेक आणि जावई नाशिकहून आले. हौसेने त्यांना तोरणमाळला नेलं. सकाळी जावई गाडीत, उचललेल्या छताखाली भिंतीच्या काठावर हात टेकून चहा पीत उभे होते. वारा सुटला, खिळा वाकला, छताचा कोपरा खाली आला. मनगट मोडलं. लेक रडत म्हणाली, "बाबा, हे झालं कसं?" जावयासमोर खाली पाहायची वेळ येऊ नये, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. मी म्हणालो, "भटूचं काम कच्चं." पुढे व्याह्यांना फोनवर तेच सांगितलं. गावात जो विचारी त्यालाही तेच.

दोन दिवसांनी भटू आला. थेट गाडीत शिरला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात वाकलेला खिळा होता. त्याने खिळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खिळा खिशात घातला. मग ओट्यावर प्लास्टर घातलेला हात घेऊन बसलेल्या जावयांपुढे जाऊन म्हणाला, "जावईबापू, मन्ही चूक व्हयनी. माफ करा." मी चार पावलांवर उभा होतो.

खापर गावच्या एका व्यापाऱ्याला अशीच गाडी करून हवी होती. त्याने ते काम परत घेतलं. मग बॉडीची कामं येईनाशी झाली. भटू खिडक्यांच्या जाळ्या आणि लोखंडी खाटा करू लागला. तरी त्याने माझ्यासाठी चार नव्या पिना करून आणल्या, आणि या वेळी दोरीऐवजी साखळी वेल्डिंगने पक्की केली. "आते साखळी लाई दिनी, आबा. हाई कापाई जात नही." असं म्हणून हसला. मीही हसलो... त्यानंतर दर हिवाळ्यात तो पिनांना तेल द्यायला यायचा, चहा प्यायचा, जायचा. इतके हिवाळे मला मिळाले होते.

मागच्या आठवड्यात जावई आले तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मनगट हळूच फिरवून पाहिलं.

"मिस्तरींना कधी बोललात का हे?"

"नाही."

"मग मला सांगून काय उपयोग, बाबा?"

छत एकट्याला उचलता येत नाही. दुसऱ्या बाजूला भटू असायचा. त्यामुळे ते खालीच आहे. पिनांना मात्र मी तेल देतो. काल त्या भाजीवाल्याला घरी बोलावलं. तो शिडीकडे निघाला, त्याला थांबवून आधी आत नेलं, साखळी त्याच्या हातात दिली, आणि ती का लावावी लागली ते सांगितलं.