लसणाच्या तेलाचा कान

तेलात लसूण तडतडला की माझा हात अजून डाव्या कानाकडे जातो. लहानपणी तो कान वाहायचा आणि आई त्यात लसणाचं कोमट तेल सोडायची. मळ्यात मेथी खुडताना बाबांनी हाक मारली तरी मी कित्येकदा मान वर करत नसे, म्हणून घरात मला हट्टी म्हणत. एका सकाळी बाबांनी माझ्यामागे उभं राहून मोटारसायकलची किल्ली वाजवली. उजवीकडे वाजली तेव्हा मी वळले, डावीकडे वाजली तेव्हा खुडतच राहिले, असं आई सांगते. "अवं, पोरगी हट्टी नाही, तिले डाव्या कानानं आयकूच येत नाही," म्हणत त्यांनी जुड्या तशाच टाकून मला मालेगावला नेलं. डॉक्टरीणबाईंनी कान पुसून आत पाहिलं आणि तेल आधी बंद करायला लावलं. कान कोरडा ठेवा, औषध मध्येच सोडू नका, म्हणाल्या. कान बरा झाला तरी घरच्यांची ओरडून बोलायची सवय जाईना. "बाबा, कायले वरडून राह्यले?" मी एकदा वैतागून विचारलं, तर आईनं डोळ्यांना पदर लावला. परवा मी बाबांना जेवायला हाका मारत होते. ते भेंडी निवडतच राहिले. मी हळूच त्यांच्यामागे गेले आणि स्कूटीची किल्ली वाजवली.