मंडपातली दोन शिडं

माझी मोठी जाऊ चंद्रावती, म्हणजे आमची वयनी, हिला पोहता येत नाही. समुद्रावर ती आयुष्यात मोजून दोनदा गेली आणि दोन्ही वेळा घोट्यापर्यंत पाय भिजवून परतली. तरीही शापोऱ्याच्या खाडीत शिडाच्या बोटी बाळगणारे लोक आपली फाटकी शिडं टेम्पोत घालून तिच्याकडे पाठवतात, थेट इब्रामपूरला, जिथे समुद्राचा वारासुद्धा पोचत नाही. मी पंचवीस वर्षं तिच्याबरोबर एका घरात काढली आहेत, त्यामुळे तिचं कौतुक करायची मला सवय नाही. पण शिवणकामात वयनीचा हात धरणारं कोणी नाही, हे मला कबूल करावंच लागतं.

तिचं माहेर डिचोलीचं. वडील खनिजाच्या ट्रकांच्या ताडपत्र्या शिवत. खाणी बंद पडल्या आणि ते कामही संपलं, तेव्हा त्यांचं जाडजूड मशीन वयनीने इकडे आणलं. ताडपत्री कुठे फाटली ते पाहून ट्रक कसा भरला होता हे ती सांगायची. पुढे कोणीतरी तिच्याकडे एक शीड दुरुस्तीला आणून टाकलं. तेही तिने तसंच वाचलं, आणि मग रांग लागली. आता बोट विकत घेणारे आधी तिचं शीड वयनीला दाखवतात. वयनी बोट बघत नाही, बघायला जातही नाही. तिने ‘नको’ म्हटलं की ती बोट कोणी घेत नाही.

तिची मुलगी गौरवी मोरजीच्या बाजूला लोकांना शिडाची बोट चालवायला शिकवते. गणेश चतुर्थीला घरी आली आणि जेवताना तिने जाहीर केलं की वापरलेली एक बोट घेणार. हिवाळ्यात शर्यतीत उतरणार, एरवी खाली कोचीपर्यंत फिरणार, आणि भाड्याची खोली सोडून बोटीतच राहणार. घरात हलकल्लोळ झाला. वयनी दोन दिवस जेवली नाही. मी जेवले, पण तोंडाचा पट्टा चालू ठेवून.

बोटी दोन होत्या. एक लांबरुंद, आत सागवानी लाकूड, दोन पलंग, नीट स्वयंपाकघर. मालक म्हणत होता, हिच्यातून अंदमान पाहून आलोय. दुसरी शर्यतीची, अरुंद, आत वाकूनच वावरावं लागेल अशी. राहायचं तर पहिली आणि शर्यतीसाठी दुसरी, हे मलाही कळत होतं. गौरवीला एकच घ्यायची होती. महिनाभर तिचा निर्णय होईना, तेव्हा ती दोन्ही बोटींची मोठी शिडं घेऊन आली.

एवढं कापड पसरायला गावात एकच जागा आहे, देवळाचा सभामंडप. गुरवाने संध्याकाळच्या आरतीच्या आत सगळं आवरायच्या अटीवर परवानगी दिली. वयनी गुडघ्यांवर बसून कापडावरून हात फिरवत होती. गौरवी पाणी आणायला विहिरीवर गेली तशी मी वयनीच्या कानाला लागले.

“वयनी, दोन्ही कुजलेली म्हणान सांग. तुझा चेडू तुझा ऐकतला. विषय संपलो.”

वयनीचा कापडावरचा हात थांबला. माझा बाण लागला असं मला वाटलं.

गौरवी परत आली. वयनीने तिला मोठ्या बोटीच्या शिडापाशी बसवलं. “ह्या बघ. घडीवर उन्हान सगळां जळलां, नखान दोरो तुटता. पण वारो जास्त झालो की शीड लहान करतत, ती भोकां बघ. एकाकय ताण नाय. ह्या शीड कधी उघडलाच नाय. बोट नांगरून ठेवलेली. अंदमान खंयचा? मालक फट मारता, खोटा बोलता. शिडात एक फट गावली, बोटीत किती असतली?”

मग ती शर्यतीच्या बोटीच्या शिडाकडे सरकली. कापड वापरून मऊ पडलेलं, ठिगळंच ठिगळं. ती प्रत्येक ठिगळावरून बोट फिरवत गेली. सगळी हाताने घातलेली, काही टाके हलत्या बोटीत घातल्यासारखे तिरपे. कोपऱ्यावर हळदीचा पिवळा डाग होता.

“ह्या बोटीत माणूस रवलोहा,” वयनी म्हणाली. “रांदून खाल्ल्यान, फिरलो, शर्यतीतय पळयल्यान. टाचणीएवढा भोकसुद्धा तसाच सोडूक नाय त्यान. असो माणूस बोटीचो तळ कुजाक देवचो नाय. शीड आता शर्यतीच्या कामाचा नाय, पण बोट चांगली. हीच घे.”

माझं डोकंच फिरलं. देवळात आहोत हेही मी विसरले. “वयनी, तू येडी काय गो? दोन्ही वायट म्हटला असतंस तर चेडू घरात रवला असता!” बोलून गेले आणि जीभ चावली.

गौरवी मात्र रागावली नाही. “काकी, माका म्हायत आसा,” ती म्हणाली. “आईन नको म्हटला असता तर मी गेलंय नसतंय. म्हणानच शिडां दुसऱ्या कोणाक दाखवक नाय. तिच्याकडेच हाडलंय.”

वयनीने मान वर केली. तिचे डोळे भरले होते आणि ते लपवायची तिने तसदी घेतली नाही. “तू माझ्या एका शब्दावर रवतलंस, ह्या माका ठावक होता,” ती लेकीला म्हणाली. “म्हणानच खोटा बोलाक जमाक नाय.”

मला स्वतःचीच लाज वाटली आणि त्याच वेळी ह्या बाईचा मला भयंकर अभिमानही वाटला.

वयनीने पदराने तोंड पुसलं आणि गळ्यातली मापाची टेप काढली. “नवीन शीड मी शिवतलंय. दुप्पट टाक्याचा. जड होतला.”

“आई, जड शीड घेवन शर्यतीत मागे पडान मी.”

“पड,” वयनी म्हणाली, आणि टेपचं दुसरं टोक धरायला तिने मला बोलावलं.