फौजेतली नजर

विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला गेली आणि आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चोर पाहिला होता. पहाटे, उसाच्या कडेनं पळताना. "मेंढरंवाल्याचा थोरला. फौजंतली नजर हाय माझी," ते रात्री फोनवर म्हणाले. सकाळी ते पोलीस ठाण्यात जाणार होते.

त्या मुलाची सैन्यात निवड झाली होती, फक्त पोलीस पडताळणी बाकी होती. तक्रारीत नाव आलं की संपलं सगळं.

सांगलीच्या कॉलेजात मी मानसशास्त्र शिकवते. माणूस चेहरा कसा ओळखतो, यावर संशोधन करता करता केस पिकले. पडद्यावर क्षणभर चेहरे दाखवायचे, मग तेच घोळक्यातून ओळखायला लावायचे. आपली माणसं आपण एकेक करून बघतो, परकी सगळी सारखीच दिसतात. परिषदांमध्ये यावर टाळ्या घेतल्यात मी. पण आबांपुढे माझी पीएचडी चालत नाही.

उजाडायच्या आत स्कूटरवरून आबांचं गाव, कुंडल गाठलं.

"आबा, आधी मला दाखवा तरी. मग खुशाल जा."

आम्ही बांधावर उभे राहिलो. भरतीवाली पोरं रोज याच वाटेनं पळतात. डोकी सगळ्यांची बारीक कापलेली, अंगात अकॅडमीचा तोच निळा टी-शर्ट. धुक्यातून पावलं ऐकू आली. आबांनी नेमकं त्याच्यावरच बोट ठेवलं, तर?

घोळका समोरून गेला. "त्यो बघ, कडंचा!" आबा ओरडले. "आसाच पळत हुता!"

मी हाक मारली. कडेचा पोरगा माघारी आला. तो माझ्या चुलतभावाचा मुलगा होता. चोरीच्या आदल्या दिवशी आबांनीच त्याला रहिमतपूरच्या एसटीत बसवून दिलं होतं आणि तो काल रात्रीच परतला होता.

"काय वो, आजोबा?"

आबा गडबडले. "ह्यो न्हवं," ते मला म्हणाले. "ह्यो आपला हाय. म्या ठाण्यात जाणारच."

मला संताप आला आणि रडूही.

तेवढ्यात घोळक्यातला एकजण वळून आमच्याकडं आला. आबांसमोर ताठ उभा राहिला. "राम राम, सुभेदारसाहेब. काय झालं? काय मदत लागंल का?"

"न्हाई रं बाबा, पळ तू," आबा मायेनं म्हणाले. तो गेला तशी कौतुकानं त्याच्या पाठीकडं बघत राहिले.

"गुणाचं पोरगं हाय. कुणाचं गं?"

"मेंढरंवाल्याचा थोरला," मी म्हणाले.

आबा बांधावरच बसले. ठाण्याचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.