तिच्या जिवंत साखळ्या

तलासरीजवळच्या लॅबमध्ये मी आणि माझी मैत्रीण, आम्ही दोघी पॉलिमर बनवायचो. मी चिखल्याची, ती झरीची. आमच्या पद्धतीत रेणूंच्या साखळ्या जवळजवळ सारख्याच लांबीच्या होत आणि वाढ थांबली तरी त्यांची टोकं जिवंत राहत, म्हणजे कच्चा माल मिळाला की तिथून पुन्हा वाढू शकत. ती अचानक तापाने गेली. फ्रिजमध्ये तिचं गुलाबी पॉलिमर उरलं.

"टाकून दे," लॅबचे साहेब म्हणाले.

मला टाकवेना. मी त्यात साखळीचा ताजा कच्चा माल घातला, नायट्रोजन वायू सोडून आतली हवा काढली आणि तापवलं. दुपारपर्यंत ते मधासारखं घट्ट झालं. तिने सुरू केलेल्या साखळ्या पुन्हा वाढत होत्या.

झरीला जाऊन तिच्या आईला सांगितलं. आईने विचारलं, "म्हणजे तिचा काम अजून चालू हाय?"

मी "हो" म्हटलं. त्यानंतर, ती शेजारीच काम करतेय असं वाटून, मला लॅबमध्ये एकटीने बसवेनासं झालं.