लाल पेन्सिलीची रेघ

नववीत शाळा सुटलेल्या बाईला कॉम्प्युटरसमोर बसवणारा माणूस मला इंदुरात भेटला, याचे उपकार मी अजून मानते. मी लग्न होऊन परभणीकडून आलेली. मिल बंद पडली, सासरचे सगळे घरी बसले आणि कमावती मीच उरले. स्कॅनिंगचा ठेका घेतलेल्या या सरजींनी त्याच बंद मिलच्या टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरीच्या कचेरीत, स्कॅनर लावला, बटणं दाखवली आणि म्हणाले, "डोकं चालवायचं नाही. हात चालवायचे."

कामगारांची सर्व्हिस कार्डं स्कॅन करून सीडीवर भरायची, मूळ कार्डं पोत्यात टाकायची. पोती रद्दीत जाणार आणि कामगारांच्या थकबाकीच्या दाव्यांसाठी कोर्टात फक्त सीडी. मोड ठरलेला होता, काळा-पांढरा. त्यात फाइल सगळ्यात हलकी.

स्पिनिंग खात्यातले एक म्हातारे काका रोज दाराशी येऊन ओरडत. "मिल खाल्ली, आता कागद खा! रद्दी करायला पण बाहेरची माणसं आणतात, भिया!" इंदुरात भय्याला भिया म्हणतात. मलाही ते डोळ्यांसमोर नको असत. त्यांच्या आरड्याओरड्यात माझं काम जाईल, हीच धास्ती. एकदा कटकट मिटावी म्हणून त्यांचंच कार्ड शोधून काचेवर ठेवलं. "हे बघा. आता जा."

ते स्क्रीनला नाक लावून उभे राहिले. "लाल कुठेय?"

"काय लाल?"

"लकीर, बाई! आँखें हैं की बटन?"

कार्डावर 'बदली' छापलेलं होतं. म्हणजे कोणी गैरहजर असेल तरच काम मिळणारा. माणूस कायम झाला तरी टाइम ऑफिसवाले नवं कार्ड करत नसत. कोपऱ्यात लाल पेन्सिलीची तिरकी रेघ ओढली, की झालं. हातातल्या कार्डावर ती फिकट का होईना, होती. काळ्या-पांढऱ्या मोडमध्ये फिकट ते सगळं पांढरं होतं; स्क्रीनवर कोपरा कोरा.

"म्हणजे कोर्टात मी जन्मभर बदलीच!"

मी ग्रे, म्हणजे राखाडी छटांचा मोड लावला. रेघ उमटली, पण फाइल फुगली. कॉम्प्रेशन वाढवलं तर अक्षरांभोवती माशा बसल्यासारखे डाग आले आणि रेघ त्यातच विरली. मग थोडं थोडं कमी करत गेले. रेघही दिसेल आणि फाइलही फार जड होणार नाही, अशा जागी थांबले.

सरजी मागे येऊन उभे होते. "किसने बोला मोड बदलायला? ठेक्यात सीडी मोजून मिळतात, जड फाइली मावणार कशा? नववी नापास, आणि मला शिकवणार?"

नापास नव्हते मी. पण ते गिळलं. "सरजी, पोतं गेलं की रेघ गेली," एवढंच पुटपुटले.

"मी इथून हटत नाही," काका म्हणाले. "पुलिस बुलाओ."

सरजींनी दातओठ खाल्ले. "जो स्वतः येऊन मागेल त्याचं ग्रे. बाकी सगळं काळं-पांढरं." त्यांना वाटलं, कोण येतंय एवढ्यासाठी!

काकांनी आभार मानले नाहीत. "अहसान मत जताना," म्हणत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाइम ऑफिसपासून गेटापर्यंत रांग. काठ्या, खोकले, शिव्या. सगळ्यांत पुढे काका. "बाई, मशीन पुसून घ्या. बारात आणलीय."

सरजी खिडकीतून पाहून माझ्यावर फिरले. "बघ तुझे प्रताप! सीडी कमी पडल्या ना, तर उद्या या खुर्चीत दुसरी कोणी दिसेल."

तरी मी मोड ग्रेवरच ठेवला. काकांच्या मागच्या माणसाला विचारलं, "कोणतं खातं?"

"वाइंडिंग," तो खेकसला. "आणि जल्दी कर. सकाळपासून उभा आहे."